हळद-अद्रकीत पैसा आहे, पण तो अडतो कुठे? बुलढाण्यातल्या अर्ध्या एकराचा हिशेब

अद्रकीचा भाव चढला की गावात पहिला प्रश्न एकच असतो, ‘बेणे कुठे मिळेल?’ आणि नेमक्या त्याच वेळी बेणे सगळ्यात महाग असते. हळद आणि अद्रक ही पिके बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या शेतकऱ्याला परवडतात का, याचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे. उरलेले अर्धे उत्तर जमिनीखाली, पाण्याच्या निचऱ्यात आहे.

ओढ कशाची आहे, हे समजायला सोयाबीनचा हिशेब पुरेसा आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता. वीस गुंठ्यांत पाच क्विंटल झाले आणि पूर्ण हमीभाव मिळाला, तरी हाती येतात 26,640 रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी जायची. बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला तर विचारायलाच नको. त्याच वीस गुंठ्यांत हळद लावली तर लाखाची भाषा सुरू होते, अद्रक लावली तर दोन-तीन लाखांची. यूट्यूबवरचे व्हिडिओ इथेच थांबतात. खर्चाची बाजू बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकलेली असते.

(पश्चिम महाराष्ट्रात ज्याला आले म्हणतात, तीच इकडची अद्रक. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी शोधताना ‘आले’ या नावाने शोधाव्या लागतात, एवढे लक्षात असू द्या.)

घाटावर की घाटाखाली?

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सगळ्यांना माहीत आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर. कंदपिकांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथले विहिरी-बोअरचे पाणी खारट, जमीन चोपण. हळद-अद्रकीला असे पाणी आणि अशी जमीन चालत नाही. ही दोन्ही पिके मागतात भुसभुशीत, निचऱ्याची, साडेसहा ते साडेसात सामू असलेली जमीन आणि पावसाळा संपल्यावरही तीन-चार महिने पुरेल एवढे गोडे पाणी. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा खारपाणाबाहेरच्या शिवारात हे जमू शकते, पण माती आणि पाणी तपासल्याशिवाय नाही.

घाटावर चित्र बरे आहे. मेहकर आणि लोणारला वाशीम जिल्ह्यातला रिसोड तालुका लागून आहे, आणि पुढे हिंगोली म्हणजे हळदीचे घरच. चिखली-धाड पट्ट्याच्या शेजारी भोकरदन, सिल्लोड. त्यापलीकडे कन्नड, फुलंब्री, खुलताबाद या अद्रकीसाठी नाव असलेल्या तालुक्यांचा भाग. म्हणजे एका बाजूला हळदीचा अनुभव आणि दुसऱ्या बाजूला अद्रकीचा अनुभव, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. बेणे बघायला, शेत बघायला सांगली-साताऱ्याला जायची गरज उरलेली नाही.

मात्र घाटावरची जमीनही सरसकट चालते असे नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी धरून राहते. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडते आणि पाने पिवळी पडतात. मग खताच्या दुकानातून बाटल्या आणायचे सत्र सुरू होते. दोनशे-तीनशे रुपयांचा माती परीक्षणाचा कागद या सगळ्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतो.

भावाचा झोका

हळदीचा बाजार समजून घ्यायला दोन वर्षे आठवावी लागतील. 2010 मध्ये वायदे बाजारात हळद 16 हजार रुपये क्विंटलच्या पुढे गेली होती. ते पाहून लागवड वाढली आणि 2012 पर्यंत भाव चार हजारांच्या आसपास येऊन पडला. पुढची दहा-अकरा वर्षे हळद पाच ते आठ-नऊ हजारांच्या टप्प्यात फिरत राहिली. मग 2023 आले. मार्च-एप्रिलमध्ये सहा-सात हजारांवर असलेली हळद ऑगस्टमध्ये वायदे बाजारात 18 हजारांच्या जवळ पोहोचली. ज्यांनी एप्रिलमध्ये विकली त्यांनी ही तेजी मोबाइलवर पाहिली.

अद्रकीचेही तेच, फक्त झोका अजून मोठा. 2023 च्या जुलैमध्ये शहरांतल्या भाजीबाजारात अद्रक 300 रुपये किलोच्या वर गेली होती. टोमॅटोच्या बातम्यांत ती थोडी झाकली गेली एवढेच. त्या तेजीनंतर लागवड वाढली, बेणे महागले, आणि 2024 च्या अखेरीपासून नवी अद्रक बाजारात यायला लागली तसे भाव घसरले. महाग बेणे लावून स्वस्त अद्रक विकायची वेळ आली.

हे होते कारण दोन्ही पिके आठ-नऊ महिन्यांची आहेत. आज दिसणाऱ्या भावावर शेतकरी निर्णय घेतो, माल येतो तो पुढच्या वर्षीच्या भावात. आणि आज तोच भाव पाहून आणखी हजारो जण तोच निर्णय घेत असतात. सोयाबीनला निदान हमीभाव नावाची एक रेघ आहे, पाळली जावो न जावो. हळद आणि अद्रकीला ती रेघही नाही.

सगळ्यात मोठा खर्च मातीत पुरायचा असतो

सोयाबीनची बॅग एकरी 25-30 किलोची. हळदीचे किंवा अद्रकीचे बेणे लागते एकरी आठ ते दहा क्विंटल. म्हणजे वीस गुंठ्यांना पाच क्विंटल धरा. आता हिशेब पाहा. बेणे चार हजार रुपये क्विंटलने मिळाले तर 20 हजार. बारा हजारांनी मिळाले तर 60 हजार. जमीन तीच, पाणी तेच, मजुरी तीच. पण लागवडीच्या दिवशीच 40 हजारांचा फरक पडलेला असतो.

यातून सुटायचा मार्ग जुना आहे आणि कंटाळवाणा आहे: पहिल्या वर्षी थोडेच लावायचे. समजा पाच गुंठे अद्रक लावली. बेणे लागले सव्वा क्विंटल. एकरी शंभर क्विंटलच्या बेताने उत्पादन धरले तर पाच गुंठ्यांतून निघते साडेबारा क्विंटल. त्यातले निरोगी, टपोरे कंद निवडले आणि साठवणीतली तूट वजा केली तरी पाच-सहा क्विंटल बेणे हाती उरते. पुढच्या वर्षीच्या अर्ध्या एकराचे बेणे घरचे झाले. शिवाय एक पूर्ण हंगाम त्या पिकाशी ओळख झाली, ती फुकट.

बेण्याचा दर्जा हाही पैशाचाच प्रश्न आहे. हळदीत लागवडीसाठी पहिली पसंती जेठ्या गड्ड्यांना, म्हणजे मुख्य खोडाखाली वाढणाऱ्या 50-60 ग्रॅमच्या कंदांना. अद्रकीत 25 ते 50 ग्रॅमचा, दोन-तीन फुगीर डोळे असलेला तुकडा. दोन्हींत बेणे पूर्ण पक्व, आठ-नऊ महिन्यांच्या पिकाचे हवे आणि काढणीनंतर दोन-अडीच महिने सावलीत विश्रांती घेतलेले हवे. ताजे काढून लगेच लावलेल्या कंदाची उगवण एकसारखी होत नाही.

आणि महत्त्वाचे म्हणजे ज्या शेतात सड लागली होती तिथले बेणे घ्यायचे नाही. कितीही स्वस्त असले तरी. कंद बाहेरून चांगला दिसतो, बुरशी आत घेऊन येतो. म्हणून बेणे एप्रिल-मेमध्ये पोत्यात बघण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये त्या शेताच्या बांधावर उभे राहून बघितलेले बरे. जाणते शेतकरी पीक उभे असतानाच प्लॉट हेरून ठेवतात.

जातींचा प्रश्न वारंवार विचारला जातो. हळदीत सेलम ही राज्यात सर्वाधिक रुळलेली जात. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्राची फुले स्वरूपा आहे, कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या प्रतिभा आणि प्रगती आहेत. विदर्भातली वायगावची हळद तर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. वर्धा जिल्ह्यातली ही हळद कुरकुमीनसाठी ओळखली जाते. अद्रकीत महाराष्ट्रात माहीम जात जुनी आणि भरवशाची. नवी जात लावून पाहायला हरकत नाही, पण ती दोन ओळींत.

खरा शत्रू साचलेले पाणी

या पिकांना पाणी लागते आणि साचलेले पाणी मारते. जिल्ह्यात पाऊस फार मोठा नाही, पण आता तो पडतो कसा हे बघायला हवे. 22 जुलै 2023 रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसात काय झाले ते जिल्हा विसरलेला नाही. असा पाऊस सोयाबीनलाही झोपवतो, पण कंदपीक त्यानंतर महिनाभर आतून सडत राहते.

कंदकुज किंवा सड हा रोग पिथियमसारख्या बुरशींमुळे होतो. आधी शेंड्याकडून पाने पिवळी पडतात, मग खोडाचा बुंधा मऊ होतो. झाड ओढले की सहज हातात येते आणि कंद दाबला की घाण वासाचे पाणी निघते. एका झाडापासून सुरुवात होते, पाण्याच्या वाटेने ती पुढे सरकते. अद्रकीत जिवाणूंमुळे होणारी मरही आहे, तिच्यात झाड हिरवे असतानाच मान टाकते. अद्रकीचा अर्धा प्लॉट सडणे ही या पिकात अपवादाची घटना नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कंदमाशी दिसते. लांब पायांची, काळसर, डासासारखी पण मोठी. ती उघड्या पडलेल्या कंदांजवळ अंडी घालते. माशीमुळे सड होते की सड लागलेल्या कंदाकडे माशी येते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. शेतकऱ्यासाठी उपाय मात्र दोन्हीकडून सारखाच निघतो: कंद उघडे पडू द्यायचे नाहीत आणि पाणी साचू द्यायचे नाही.

म्हणूनच सपाट वाफ्यात लावण करण्याचे दिवस गेले. साडेचार-पाच फुटांवर सऱ्या पाडून रुंद, उंच बेड तयार करायचे, बेडवर दोन ओळी, मध्ये ठिबकची नळी. बेडची उंची फूटभर तरी हवी. सरीला उतार हवा आणि त्या सरीतले पाणी शेताबाहेर काढणारा चर हवा. हा शेवटचा चर काढायला बहुतेक जण विसरतात; बेड छान, ठिबक छान, आणि पाणी खालच्या बांधाला अडून तिथल्याच दोन-चार ओळींपासून सड सुरू.

लागवड अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी शेणखत चांगले कुजलेले, एकरी दहा टनांच्या आसपास. कच्चे शेणखत टाकले तर हुमणी आणि बुरशी दोघांनाही घर मिळते. बेण्याला आधी शिफारस केलेल्या बुरशीनाशक-कीटकनाशकाच्या द्रावणाची प्रक्रिया, ते सावलीत सुकल्यावर जैविक प्रक्रिया. हा क्रम उलटा झाला की ट्रायकोडर्माचे पैसे वाया. हळदीला हेक्टरी 200 किलो नत्र, 100 किलो स्फुरद, 100 किलो पालाश अशी शिफारस आहे, अद्रकीला 120:75:75. स्फुरद आणि पालाश लागवडीच्या वेळी, नत्र हप्त्यांनी. अडीच-तीन महिन्यांनी भरणी करायची, म्हणजे वाढलेल्या कंदांवर पुन्हा माती चढवायची. मजुराअभावी भरणी टाळली जाते आणि कंदमाशीला बोलावणे जाते.

एका शेतात पुन्हा पुन्हा हळद किंवा अद्रक घेऊ नये. हळदीनंतर अद्रक हाही बदल नव्हे, दोन्ही एकाच कुळातली. दोन-तीन वर्षे मध्ये जाऊ द्यावीत. वीस गुंठ्यांसाठी हा फेरपालट जमवायचा असेल तर शेत निदान दीड-दोन एकर निचऱ्याचे आणि ओलिताचे हवे. ही अट लक्षात न घेता आखलेले नियोजन दुसऱ्याच वर्षी फसते.

हळद थांबू शकते, अद्रक थांबत नाही

दोन्ही पिकांची नावे जोडीने घेतली जातात, पण विकताना त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

अद्रक ओली विकली जाते. काढली, धुतली, पोत्यात भरली, गाडीत टाकली. हंगाम संपायच्या आधीही, सहाव्या महिन्यापासून काढता येते. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. रात्री भरलेला माल सकाळी वाशीच्या बाजारात लागू शकतो. पण एकदा काढली की थांबायची सोय नाही. भाव नसेल तर शेतकरी ती काढतच नाही, जमिनीतच ठेवतो. पुन्हा माती चढवून, पाणी देऊन ती पुढच्या पावसाळ्यात नेली जाते. पंधरा-सोळा महिन्यांची ‘जुनी’ अद्रक वजनदार होते आणि बऱ्याचदा भावही खाते. हा जुगार आहे. जमीन अडकून पडते आणि दुसरा पावसाळा म्हणजे सडीची दुसरी संधी. सुंठ करण्याचा मार्ग सांगितला जातो, पण साल काढणे आणि सुकवणे यांची मजुरी, वर पाच किलोला जेमतेम एक किलो सुंठ. छोट्या शेतकऱ्यासाठी तो क्वचितच सोपा ठरतो.

हळदीत उलट. काढणीनंतर काम संपत नाही, सुरू होते. पाला कापायचा, कंद काढायचे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. पूर्वी काहिलीत तास-तासभर शिजवायची; आता ट्रॅक्टरला जोडून आणलेले वाफेचे बॉयलर शेतात येतात आणि क्विंटलच्या दराने शिजवून देतात. काडी सहज आत गेली की हळद शिजली. कमी शिजली तर वाळताना आत कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग उतरतो. मग ताडपत्रीवर 12 ते 15 दिवस ऊन. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ, म्हणजे नेमका अवकाळीचा. ढग दिसले की अख्खे घर ताडपत्रीकडे पळते. वाळलेले हळकुंड मोडताना खणकन आवाज यायला हवा. पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल वाळलेली होते.

एवढे कष्ट केल्यावर मिळते ती थांबण्याची ताकद. नीट वाळवलेली हळद वर्षभर राहते. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची पेवे ही याच ताकदीची जुनी व्यवस्था होती. आज राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने, मुदत सहा महिन्यांची. योजना 1990 च्या दशकापासून आहे. आपल्या बाजार समितीत ती हळदीसाठी चालू आहे का, हे काढणीच्या आधी विचारून ठेवावे. काढणीनंतर घरात पैशाची निकड असते तेव्हा चौकशीला वेळ नसतो. एप्रिल 2023 मध्ये विकणारा आणि ऑगस्ट 2023 मध्ये विकणारा यांच्यातला फरक शेतीतल्या कसबाचा नव्हता, थांबता येण्याचा होता. भाव नेहमीच चढतो असे नाही, हेही खरे.

विक्रीसाठी हिंगोली, वसमत, रिसोड, वाशीम, नांदेड या बाजारपेठा जवळच्या. कांडी आणि गोल गड्डे यांचे भाव वेगळे निघतात, त्यामुळे दोन्ही मिसळून नेली तर कमी भावाचाच धनी व्हावे लागते.

वीस गुंठे, दोन शक्यता

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे गृहीत आहेत, प्रत्येकाने आपले टाकावेत.

हळद: वीस गुंठ्यांत 60 क्विंटल ओली, वाळून 12 क्विंटल. खर्च 70 हजार धरा. भाव साडेसहा हजार मिळाला तर 78 हजार, हाती उरले आठ हजार. तेरा हजार मिळाला तर 1 लाख 56 हजार, उरले 86 हजार. त्यात बेणे घरचे असेल तर दोन्ही बाजूंना वीसेक हजारांची भर.

अद्रक: वीस गुंठ्यांत 50 क्विंटल. बेणे 60 हजारांचे, बाकी खर्च 60 हजार, एकूण 1 लाख 20 हजार. भाव तीन हजार मिळाला तर दीड लाख, उरले 30 हजार. आठ हजार मिळाला तर चार लाख, उरले 2 लाख 80 हजार. पण अर्धा प्लॉट सडला आणि भाव तीन हजारच राहिला, तर हातात 75 हजार आणि 45 हजारांचा तोटा. हाच हिशेब 20 हजारांच्या बेण्याने केला तर तोटा पाच हजारांवर येतो. शेतकरी बुडतो की तगतो, ते इथे ठरते.

आणखी एक खर्च या हिशेबात दिसत नाही. ही पिके जूनपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमीन अडवतात. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्याचा एक हंगाम जातो. तो वजा करूनच फायदा मोजायचा.

विमा नाही, अनुदान आहे

राज्यात पंतप्रधान पीक विमा योजनेच्या खरीप यादीत सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद, कांदा अशी पिके आहेत. हळद आणि अद्रक नाहीत. म्हणजे जिल्ह्यातली सर्वाधिक भांडवल मागणारी पिके विम्याच्या छत्रीबाहेर. राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना ऑक्टोबर 2023 मध्ये निघाली, 14 जानेवारी 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले. हिंगोली जिल्ह्यात वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. 2023-24 मध्ये देशातून 1.62 लाख टन हळद आणि हळदीची उत्पादने निर्यात झाली. हे सगळे उत्साहाचे आहे, पण मेहकरच्या शेतकऱ्याचा प्लॉट सडला तर भरपाई कुठून, याचे उत्तर या घोषणांत नाही.

अनुदान मात्र ठिबकला मिळते. केंद्र आणि राज्याचा वाटा मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्क्यांपर्यंत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय संच विकत घेऊ नये. सल्ल्यासाठी बुलढाणा आणि जळगाव जामोद अशी दोन कृषी विज्ञान केंद्रे जिल्ह्यात आहेत, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही शेजारीच आहे. औषधाची मात्रा दुकानदाराला विचारण्यापेक्षा इथे विचारलेली बरी.

यंदा लावायचेच असेल तर मे महिन्यात शेतात एक साधी चाचणी करून पाहता येते. दीड फूट खोल खड्डा घ्यायचा, काठोकाठ पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचे आणि पुन्हा भरून रात्रभर सोडायचा. सकाळी खड्ड्यात पाणी तसेच दिसले, तर ते शेत हळद-अद्रकीसाठी नाही. तिथे सोयाबीनच टाकावे आणि बेण्याचे पैसे खिशात ठेवावेत.